चार बोटं आखूड

ही गोष्ट खरी आहे.

ज्यांना खोटी वाटते त्यांनी इथूनच परत फिरावं. पटवत बसायची मला हौस नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भुतं फक्त रात्रीच निघतात असं ज्यांनी ठरवलं, त्यांना दिवसा डोळे उघडायची सवय नसावी. हे घडलं दिवसाउजेडी, दुपारची नमाज झाल्यावर, तुर्कस्तानातल्या कोन्याच्या माळावरच्या सारीकुयू गावात. नोव्हेंबर होता. माळावर धुकं बसलं होतं. आमच्याकडे ते एकदा बसलं की आठवडाभर उठत नाही. अंगणात उभं राहिलं तर स्वतःचीच शेड दिसत नाही.

येतेर माझी सख्खी मावशी. आमच्या भाषेत येतेर म्हणजे 'पुरे'. आजोबांना चौथी मुलगी झाली तेव्हा देवाला निरोप पोचावा म्हणून त्यांनी हे नाव ठेवलं. देवाने ऐकलं नाही. पाचवी माझी आई. 'पुरे, इकडे ये', 'पुरे, पाणी आण' ऐकत वाढलेली बाई जगाची काय भीड ठेवणार?

मावशीने कुणाचीच ठेवली नाही.

नवऱ्याचीही नाही.

नवरा दुराली. गडी मनाने चांगला, कामात अर्धवट. त्याने बसवलेलं एकही दार कधी नीट लागलं नाही. चुलीचं धुराडं त्याने लावलं, तर धूर घरात आणि पाऊसही घरात. मावशी त्याला चारचौघांत गाढव म्हणायची. तो हसायचा. त्याचं हसणं तिला जास्त झोंबायचं.

ऑक्टोबरात तो शेतात मेला.

ट्रॅक्टर आणि मागचा, माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर यांना जोडणारा एक शाफ्ट असतो. म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या. ट्रॅक्टरच्या पाठीचा पीटीओचा दांडा फिरतो, तो शाफ्टला फिरवतो, शाफ्ट रोटाव्हेटरच्या पात्यांना. रोटाव्हेटर वर-खाली झाला की नळ्या आत-बाहेर सरकतात. शाफ्ट लांब असेल तर आत सरकायला जागा उरत नाही, तो ट्रॅक्टरला ढुशी मारतो आणि काहीतरी मोडून ठेवतो.

आखूड असेल तर चालता चालता नळ्या सुटतात.

मग ट्रॅक्टरकडची नळी मोकाट फिरते. जवळ जो असेल त्याला शोधत.

दुराली जवळ होता.

पोलीस आले, सांडलेलं पुसावं तसं काम उरकून गेले. वाकडा झालेला शाफ्ट शेडमध्ये टाकला. पुढचं काम चहाखान्यातल्या उंटावरच्या शहाण्यांनी केलं. चहा ढोसता ढोसता त्यांनी निकाल दिला की दुरालीने शाफ्ट दांड्यावर चढवला, पण खटका बसवायला विसरला. 'खट्' असा आवाज आल्याशिवाय हात सोडायचा नसतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं म्हणे. शेळी गेली जिवानिशी, आणि हे म्हणत होते वातड.

पण मावशीलाही तेच पटलं.

"खटकासुद्धा बसवता आला नाही त्याला," ती माझ्या आईला म्हणाली. "गाढवासारखा जगला आणि गाढवासारखाच मेला."

ती रडली नाही. रडला तो तिचा दीर, नाफिझ. मय्यतीत त्याचा गळा सगळ्यात मोठा. वसंतात नवा मोठा ट्रॅक्टर घेतलेला, हाताला अंगठी, पण माणूस पक्का कवडीचुंबक. दोन भावांत बापाचा एकच रोटाव्हेटर होता आणि त्याला एकच शाफ्ट. आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. स्वतःचा वेगळा शाफ्ट घे म्हटलं की नाफिझ म्हणायचा, "भावाभावांत कसली वाटणी?" वाटणी फक्त जमिनीची आठवायची त्याला.

चाळिसाव्या दिवसाचा हलवा तोंडात असतानाच तो बोलला.

"वहिनी, जमीन गोठायच्या आत गहू पेरायला हवा. तुम्हाला जमणार नाही. यंदापासून मीच कसतो."

"आधी तो हलवा गिळ," मावशी म्हणाली. "ठसका लागेल."

दुसऱ्या दिवशी ती शहरात जाऊन नवा शाफ्ट घेऊन आली.

आता नवा शाफ्ट मुद्दाम लांबच येतो. ज्याने त्याने आपल्या ट्रॅक्टरप्रमाणे कापून घ्यायचा. आधी वरचं प्लास्टिकचं कव्हर, मग आतल्या नळ्या, दोन्ही बाजूंनी सारख्याच. कापलेलं लोखंड परत वाढत नाही. खरं म्हणजे रोटाव्हेटर ट्रॅक्टरला अडकवून, उचलून, जागेवर माप घ्यायचं असतं. पण आमच्या गावात कोण एवढे कष्ट घेतो? जुना शाफ्ट समोर ठेवायचा आणि त्याच्या बरोबरीने नवा कापायचा, हीच रीत.

मावशीही तेच करणार होती.

नाफिझ टेहळणीला आलाच. हातात चहाचा ग्लास, तोही तिच्याच घरचा.

"जुन्याच्या मापानेच कापते हा," ती म्हणाली. "ट्रॅक्टर तोच, रोटाव्हेटर तोच. बरोबर ना?"

नाफिझचा ग्लास ओठांपर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"जुन्याच्या?"

"मग काय तुझ्या?"

तो बाहेर धुक्याकडे बघत राहिला.

"हो," तो म्हणाला. "जुन्याच्याच मापाने… कापा."

चहा अर्धा टाकून तो निघून गेला. फुकटचा चहा त्याने अर्धा टाकलेला मावशीने पहिल्यांदाच पाहिला.

ती कामाला लागली. जुन्या शाफ्टच्या नळ्या सुटून वेगळ्या पडल्या होत्या. एक वाकलेली, एक बरीचशी सरळ. सरळ नळी नव्या नळीशेजारी ठेवली. टोकाला टोक जुळवलं. खडूने आडवी रेघ मारली. मग करवत आणायला घरात गेली.

परत येताना शेडच्या दाराशी तिला ऐकू आलं…

खट्.

शाफ्टचा खटका दांड्यावर बसतो, तोच आवाज.

"कोण आहे?"

कुणी नव्हतं. ट्रॅक्टर एका कोपऱ्यात, रोटाव्हेटर दुसऱ्या. दांड्यावर शाफ्ट चढवलेलाच नव्हता.

तिने करवत उचलली. रेघेवर टेकवायला गेली…

रेघ नव्हती.

तिची रेघ पुसली गेली होती. चार बोटं पलीकडे दुसरी रेघ होती. कापायचं ते चार बोटं कमी.

"वय झालं," मावशी स्वतःशी म्हणाली. नवी रेघ बोटाने पुसली. जुनी नळी पुन्हा लावली, पुन्हा टोकाला टोक, पुन्हा रेघ. या वेळी जोर देऊन, खडू मोडेपर्यंत.

करवत धरली. हात पुसायला क्षणभर मान वळवली.

खट्.

रेघ चार बोटं पलीकडे.

ती वाकडी होती. मधे किंचित झुकलेली, शेवटी वर गेलेली. मावशीने ती वाकडी रेघ आयुष्यभर पाहिली होती. दारांवर, फळ्यांवर, धुराड्यावर. एकच माणूस अशी रेघ मारायचा.

दुसरी एखादी किंचाळून पळाली असती. मावशीला आला संताप.

"जिवंत असताना एक माप धड घेतलं नाहीस," ती मोकळ्या शेडमध्ये ओरडली, "आणि आता मला शिकवायला आलास? खटका बसवता आला नाही तुला! चालता हो!"

मग ट्रॅक्टरच्या बाजूने बारीक आवाज सुरू झाला. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा.

पीटीओचा दांडा फिरत होता.

हळू. अगदी हळू. कुणीतरी दोन बोटांनी फिरवावा तसा.

इंजिन बंद होतं. चावी मावशीच्या सलवारच्या खिशात होती. बॅटरीची वायर तिने सकाळीच काढून ठेवली होती. तिने खिशात हात घालून चावी चाचपली. होती.

दांडा फिरत होता.

"दुराली…?"

दांडा थांबला.

ती खाली बसली, जुन्या शाफ्टच्या शेजारीच. तिची नजर त्या सरळ नळीच्या टोकावर गेली. टोकावर खडूची पांढरी पूड होती. मघाशी नव्हती. बोटांनी लावावी तशी, चार ठिकाणी.

तिने सलवारच्या कडेने ती पूड पुसली.

टोक निळं होतं.

विजेच्या ग्राइंडरने कापलेलं लोखंड कडेला जळून निळं पडतं. हाताच्या करवतीने कापलेलं पडत नाही. दुरालीकडे ग्राइंडर कधीच नव्हता. एवढासा खिळा कापायलाही तो करवत घेऊन अर्धा दिवस घालवायचा. कड खरबरीत होती, कानस फिरवायचेही कष्ट कुणी घेतले नव्हते. आणि काप ताजा होता. बाकीची नळी जुनाट, काळी.

त्या गल्लीत ग्राइंडर एकाच घरात होता. मालक तो कुणाला देत नसे. झिजतो म्हणायचा.

मावशी उठली. बॅटरी जोडली, ट्रॅक्टर मागे घेऊन रोटाव्हेटरला लावला, दांडा आणि रोटाव्हेटरचा जोड समोरासमोर येईपर्यंत उचलला आणि इंजिन बंद केलं. नव्या शाफ्टची एक नळी इकडे चढवली, एक तिकडे. दोन्ही शेजारी शेजारी धरून बघितल्या. शेवटाला ढुशी बसू नये म्हणून दोन बोटांची जागा सोडली.

माप त्या वाकड्या रेघेवर आलं. अगदी रेघेवर.

जुना शाफ्ट चार बोटं आखूड होता. चार बोटं या नळीतून, चार त्या. अंगणात उभ्या ट्रॅक्टरवर तो कसाबसा अडकून राहिला असता. शेतात रोटाव्हेटर खोल उतरला की सुटलाच असता.

दुराली खटका विसरला नव्हता.

आणि मघाशी नाफिझ धुक्याकडे बघत म्हणाला होता, कापा.

मावशीने त्या वाकड्या रेघेवरून नवा शाफ्ट कापला. कड घासली, ग्रीस लावलं, कव्हर चढवलं. त्या संध्याकाळी तिने मला बोलावून घेतलं. मी शेजारच्याच गावात राहते. म्हणाली, "उद्या दारात उभी राहा. एक तमाशा आहे. मी सांगितलं तर हे लोक म्हणतील, विधवेला वेड लागलं."

म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी धुकं तसंच होतं. रोटाव्हेटर ट्रॅक्टरला लावलेला. नवा शाफ्ट रोटाव्हेटरच्या बाजूने चढवून साखळीने टांगून ठेवलेला. ट्रॅक्टरचा दांडा मोकळा.

नाफिझ आला. दारात मला बघून कपाळाला आठी घातली.

"या भावजी," मावशी गोड आवाजात म्हणाली. मावशीचा गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. "जुन्याच्या मापाने कापला बघ. तू म्हणालास तसा. आता जोडते, चालू करते आणि खाली सोडते. तू मागे उभा राहून बघ, नीट बसतोय का."

"मी?"

"मग कोण? दुराली असता तर तो उभा राहिला असता."

नाफिझ एक पाऊल मागे सरला. मग आणखी एक. एवढ्या थंडीत त्याच्या ओठावर घाम आला होता.

"वहिनी… आधी बंद करा."

"काय?"

"फिरतोय तो! आधी बंद करा, मग बोलू!"

मी बघितलं.

दांडा फिरत होता.

कालच्यासारखा हळू नाही. भराभर. आवाज मात्र काहीच नाही. इंजिनाची धडधड नाही, धूर नाही. शेजारच्या अंगणात कोंबडीने पंख झटकले तेही ऐकू येत होतं.

मावशीने खिशातून चावी काढली आणि त्याच्या नाकासमोर धरली.

"चालू कुठे केलंय?"

नाफिझने चावीकडे बघितलं. दांड्याकडे बघितलं. तो मटकन खाली बसला, ग्रीसच्या डागावर, नव्या पाटलोणीसकट.

"नव्या ट्रॅक्टरला ढुशी मारत होता गं," तो बोलायला लागला. 'तुम्ही' सुटलंच. "लांब पडत होता. चार बोटंच कापली. दोन्हीकडून चार चारच. नवा घ्यायचा म्हणजे केवढ्याला पडतो माहितीये तुला? कापून परत ठेवला. सांगणार होतो. कापणीची घाई होती… विसरलो. अल्लाची शपथ, विसरलो."

"विसरलास."

"हो."

"मय्यतीत गळा काढलास तेव्हाही विसरला होतास? लोक त्याला खटका विसरला म्हणाले, मी म्हणाले, तेव्हाही?"

तो पाटलोणीवरचं ग्रीस पुसायला लागला.

"बरं, तेही विसरलास. काल मी तुला विचारलं. जुन्याच्या मापाने कापू का. तेव्हा विसरला होतास का रे, नाफिझ?"

काल एक शब्द खर्चून तिचा जीव वाचत होता. कवडीचुंबकाने तोही खर्चला नाही. मेल्याच्या टाळूवरचं लोणी खायला निघाला होता, वर जितीचंही खाणार होता.

दांडा फिरत होता.

आमच्याकडे मय्यतीची एक रीत आहे. नमाज झाली की इमाम लोकांकडे वळून तीनदा विचारतात, "या माणसावरचा आपला हक्क सोडलात का?" कुणाचं येणं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, ते तिथे सोडायचं. लोक तीनदा म्हणतात, "सोडला." दुरालीच्या वेळी सगळ्यात मोठ्याने नाफिझ म्हणाला होता.

मेलेल्याला मात्र कुणी विचारत नाही, की बाबा, तू सोडलास का?

"विचार त्याला," मावशी म्हणाली.

"क-कुणाला?"

"समोर आहे तो. विचार. तीनदा."

नाफिझ गुडघ्यांवर आला. दांड्याकडे तोंड केलं.

"दादा… माझ्यावरचा हक्क सोडलास का?"

दांडा फिरत राहिला.

"दादा, चूक झाली. हक्क सोडलास का?"

टांगलेल्या शाफ्टची साखळी हलायला लागली. वारा नव्हता. धुकं दाराशी जसंच्या तसं उभं होतं.

"दादा…" तो आता खरंच रडत होता, मय्यतीतलं रडणं नव्हे. "सोडलास का?"

खट्.

आणि दांडा थांबला.

एकदम. हाताने धरावा तसा.

मग नाफिझ हसायलाच लागला. डोळ्यांतून पाणी, तोंडाने हसू, असला ओंगळ प्रकार मी पुन्हा पाहिलेला नाही.

"थांबला! बघितलंत ना? थांबला! सोडला त्याने! वहिनी, सोडला!"

मावशी त्याच्याकडे बघत उभी होती. वाटेतल्या शेणाकडे बघावं तशी.

"सोडला असेल," ती म्हणाली. "तो गाढवच होता."

मग ती खाली वाकली, त्याच्या तोंडापाशी.

"मी नाही सोडलेला. माझा मी ठेवलाय."

नाफिझचं हसू तिथेच विरलं.

तिने शाफ्ट दांड्यावर चढवला, साखळी अडकवली, ट्रॅक्टर चालू केला आणि शेतात गेली. तो शेडमध्येच बसून होता. तिने दोन दिवसांत सगळ्या जमिनीत रोटाव्हेटर फिरवला, गहू पेरला. शाफ्ट कुठे अडला नाही, कुठे सुटला नाही. चहाखान्यात जाऊन तिने एकदाच सांगितलं की दुरालीने खटका नीट बसवला होता. कुणी काही विचारलं नाही. निळ्या टोकाची नळी तिने त्यांच्या टेबलावर ठेवली आणि घरी आली.

त्याला आता बरीच वर्षं झाली.

दांडा का थांबला, मला माहीत नाही. दुरालीने हक्क सोडला म्हणून थांबला, की सोडणार नाही हे सांगून थांबला? मावशीला विचारलं तर ती म्हणते, "त्याला मापता कधी आलं होतं? बोलता काय येणार?" पण हे म्हणताना ती शेडकडे बघत नाही. धुकं असेल तर दुपारी त्या बाजूला जातही नाही.

नाफिझ जिवंत आहे. गेल्या हिवाळ्यापासून अंथरुणाला खिळलाय. त्याने मावशीकडे किती जणांना पाठवलं, मुलगा, सून, खुद्द इमाम. हक्क सोड म्हणावं. ती सगळ्यांना चहा पाजते आणि परत पाठवते. तो म्हणे रात्री झोपत नाही. झोप लागली की मनगट धरून कुणीतरी हळूहळू फिरवतं, असं सुनेला सांगतो. खरं की तापातलं, मी बघायला गेले नाही.

एक ना एक दिवस तो जाईल. मशिदीच्या अंगणात इमाम लोकांकडे वळतील आणि तीनदा विचारतील.

बायका मागे उभ्या राहतात. पण मावशीचा आवाज पोचतो.

परवा मी फोनवर विचारलं, "मावशी, तू जाणार आहेस का?"

"जाणार ना," ती म्हणाली. "पहिल्यांदा विचारतील तेव्हा गप्प राहीन. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा काय म्हणायचं ते अजून ठरवलं नाही."

मी त्या दिवशी सारीकुयूला जाणार नाही, एवढं मात्र मी ठरवलंय.